शेवंताबाईचा ऐतवार

मित्रांनो, माणसाला दुतोंडी म्हटलं की त्याला राग येतो. मला येत नाही, कारण मला खरोखरच दोन तोंडं आहेत. मी लाकडाचा फळा आहे, पुढूनही काळा आणि मागूनही काळा, आणि आता चांगलाच म्हातारा. माझ्या एका तोंडावर विचार लिहिले जायचे आणि दुसऱ्यावर घोषणा. दोघांच्या मध्ये जेमतेम बोटभर जाडीचं लाकूड आहे. पण तेवढ्याशा अंतरात एका बाईचं फार मोठं नुकसान झालं, आणि ते माझ्या अंगावर झालं. तेच सांगायचं आहे. सांगायला आता दुसरं कुणी फारसं उरलेलं नाही.

माझा जन्म १९९२ साली कोल्हापुरात, मंगळवार पेठेत झाला. तिथे एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी अभ्यासवर्ग भरायचा. वर्ग चालवायचे भाऊसो. ते शहरातल्या बसवर कंडक्टर होते. हातात तिकिटांची पेटी आणि खांद्यावरच्या पिशवीत कायम एखादं जाडजूड पुस्तक. राज्य म्हणजे काय, कायदा कुणी करायचा, अन्यायाचा कायदा पाळावा की मोडावा, असल्या प्रश्नांनी त्यांना झोप लागत नसे. आपल्याला लागत नाही तर इतरांना तरी का लागावी, म्हणून त्यांनी हा वर्ग काढला होता.

वर्गाला दोन तऱ्हेची माणसं येत. काहींना वाचायला आवडायचं, काहींना मोर्चा काढायला. वाचणाऱ्यांना खोलीत लिहायला फळा हवा होता, मोर्चावाल्यांना रस्त्यावर धरायला. दोघेही एकाच दिवशी पिराजी सुताराकडे गेले आणि आधी कुणाचा फळा करायचा यावरून त्याच्याच दारात वाद घालायला लागले. पिराजीने रंधा खाली ठेवला.

“लाकूड एकाच फळ्याचं हाय,” तो म्हणाला. “दोन्हीकडनं काळा करून देतो. हिकडनं ह्येंनी लिवावं, तिकडनं त्येंनी. आन् भांडायचंच आसंल तर त्या कोपऱ्यावर जाऊन भांडा जावा.”

असा मी तयार झालो. एक बाजू अभ्यासाची, एक रस्त्याची. तंटा मिटवायला जन्माला आलेला फळा.

सुरुवातीची वर्षं फार चांगली गेली. भाऊसो शिकवायचे तेव्हा गिरणीचा आवाजसुद्धा मागे पडायचा. ते पुस्तकातलं सगळं बसमध्ये आणून बसवायचे. “पन्नास माणसं मुकाट तिकीट काढतात,” ते म्हणायचे. “मी एकटा. ती माझं ऐकतात ते मला भिऊन, की बस सगळ्यांची आहे म्हणून? आणि मी एखाद्याला उगाच खाली उतरवलं, तर बाकीच्यांनी गप्प बसावं का?” मग दोन तास कल्ला. कुणी म्हणे उठून उभं राहावं, कुणी म्हणे आधी नियम वाचावा. माझ्या अंगावर बाणच बाण निघायचे, राज्याकडून माणसाकडे, माणसाकडून राज्याकडे.

सगळ्यात सुरेख अक्षर प्रसेनजीतचं. हा विद्यापीठात राज्यशास्त्राचं एम.ए. करत होता. त्याने ‘न्याय’ असा नुसता शब्द लिहिला तरी लोक वाचायचं सोडून अक्षराकडेच बघत राहायचे. त्याचा खडू अंगावरून फिरायला लागला की मला फार बरं वाटे. खोटं कशाला बोलू, मला त्या अक्षराचा गर्व झाला होता. हा गर्व लक्षात ठेवा, कारण पुढच्या पापात माझाही वाटा आहे.

पण वर्ग फक्त रविवारी. सोमवार ते शनिवार माझ्याकडे कुणी फिरकत नसे. खाली जोंधळा दळला जायचा, पीठ फटीतून वर यायचं आणि हळूहळू माझ्या अंगावर बसायचं. शनिवारपर्यंत मी पांढरा होऊन जायचो. सहा दिवस एका खोलीत, एक तोंड भिंतीकडे करून उभं राहणं काय असतं, हे तुम्हाला सांगून कळणार नाही. वर्गात उभं केलेल्या मुलाला थोडंफार कळेल.

त्या एकटेपणात मला सोबत मिळाली ती शेवंताबाईची.

शेवंताबाई मूळची कागलकडची. राजारामपुरीत मोठमोठे क्लास आहेत, मुलं इंजिनियर, डॉक्टर व्हायला तिथे येतात. तसल्या एका चार मजली क्लासमध्ये ती सफाईचं काम करायची. राहायची मंगळवार पेठेत, आमच्या गिरणीच्या मागे. “वर्गणी द्यायला मला जमत न्हाय, मी खोली झाडून देतो,” असं तिने भाऊसोंना सांगितलं होतं. कोल्हापूरकडच्या पुष्कळ बायका स्वतःबद्दल बोलताना ‘मी आलो, मी गेलो’ असंच म्हणतात. तर रविवारी वर्ग संपून सगळे निघून गेले की दुपारी साडेबाराला ती यायची, केर काढायची आणि शेवटी ओल्या फडक्याने मला पुसायची. अक्षर एक येत नव्हतं तिला. पण पुसायची ती अशी, की प्रत्येक कोपरा लख्ख.

एकदा भाऊसो कुलूप लावायला थांबले होते. शेवंताबाई माझ्यापुढे फडकं घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, “भाऊसो, पुसू काय?”

“पुसा की, आक्का,” भाऊसो म्हणाले आणि किल्ली शोधायला लागले.

शेवंताबाई हलेना. “आवं, मग सांगा की.”

“काय सांगू?”

“पुसू काय म्हनलो, तुमी पुसा म्हनलासा. म्हनून पुसतो. ह्ये काय लिवलंय?”

मित्रांनो, आपल्या भाषेत पुसणं म्हणजे फडक्याने साफ करणं, आणि पुसणं म्हणजे विचारणंही. शहरातल्या लोकांनी दुसरा अर्थ केव्हाच टाकून दिला. शेवंताबाईने टाकला नव्हता. भाऊसो आधी हसले, मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

“क्लासात ईस फळं हायीत,” ती म्हणाली. “सा-सात वर्सं पुसतोय. काय पुसलं, मला ठाव न्हाय. हितलं तरी ठाव आसू दे.”

त्या दिवसापासून आमच्या खोलीत एक रीत पडली. शेवंताबाई पुसायच्या आधी पुसणार, भाऊसो वाचून दाखवणार, तिला पटलं की ती मान हलवणार आणि मगच फडकं फिरणार. पटलं नाही तर ती म्हणे, “ऱ्हाऊ दे ह्ये पुढल्या ऐतवारपातूर.” आणि ते राहायचं. पुढच्या रविवारी शिकली-सवरलेली मंडळी विचारायची, हे का पुसलं नाही? भाऊसो सांगायचे, “आक्कांना मंजूर नाही.” मग त्याच्यावर पुन्हा चर्चा व्हायची. ती वर्गात नसायची, तरी वर्ग तिच्यामुळे पुढे सरकायचा किंवा अडायचा.

१९९७ च्या दिवाळीनंतरचा एक रविवार. प्रसेनजीतच्या अक्षरात माझ्यावर एकच ओळ होती. भाऊसोंनी ती वाचून दाखवली, “ज्याच्या वेळेवर दुसऱ्याची सत्ता, तो माणूस स्वतंत्र नाही.”

शेवंताबाईने मान हलवली नाही. फडकं तिने खांद्यावर टाकलं. मग म्हणाली, “मग माझा ऐतवार कुनाचा वो?”

त्या क्लासमध्ये रविवारी परीक्षा घेतल्या जायच्या. म्हणून सफाईच्या सात बायकांना सातही दिवस कामावर यावं लागे. सात बायका, सात वार, आणि त्यातला एकही त्यांचा नाही. भाऊसो हातात कुलूप घेऊन उंबऱ्यावरच बसले. पाच वर्षं आपण इथे स्वातंत्र्यावर बोलतो आहोत, आणि ही बाई दर रविवारी कामावरून परस्पर येऊन आपला केर काढते आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्या आलं होतं. पण फळ्याला कोण विचारतो?

पुढच्या रविवारी यावर खडाजंगी झाली. शेवंताबाईच्या सोबत काम करणारी बयाबाई त्या दिवशी कामावरून तासभर सुटून आली होती. प्रसेनजीत म्हणाला, “मागणी रास्त आहे, पण लहान आहे. मूळ प्रश्न सत्तेचा आहे. एका सुट्टीने व्यवस्था बदलत नाही.”

“तुमची सत्ता दिल्लीत आसंल, बाबा,” बयाबाई म्हणाली. “आमची त्या गेटावर काठी घिऊन हुबी हाय.”

सगळे हसले. प्रसेनजीतही हसला, आणि त्यानेच मला उलटं करून माझ्या रस्त्याच्या बाजूवर आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं, ‘आमचा ऐतवार कोणाचा?’ मित्रांनो, विचाराची बाजू आणि रस्त्याची बाजू एकच गोष्ट बोलत होत्या, असा माझ्या आयुष्यात तो पहिला दिवस.

मग सातही बायकांनी काम बंद ठेवलं. रोज सकाळी दोघीजणी मला उचलून राजारामपुरीत क्लासच्या गेटासमोर न्यायच्या आणि मधे उभं करायच्या. रिक्षावाले थांबून वाचायचे. क्लासला आलेली मुलं वाचायची. एक आजोबा तर रोज यायचे, माझ्यासमोर उभे राहून मोठ्यांदा वाचायचे आणि “बरोबर हाय” म्हणून पुढे जायचे. भाऊसो आपली पाळी संपली की खाकी कपड्यांतच येऊन बसत. आत वीस फळे न पुसता पडले होते, संडासांची तर दशा बोलायला नको. पाचव्या दिवशी, शनिवारी दुपारी, क्लासचा मॅनेजर बाहेर आला आणि म्हणाला, मालकांना कबूल आहे. त्याने एक टाइप केलेला कागदही आणला होता.

पण बायका कागदाला हात लावायला तयार होईनात. त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी असाच एक कागद पुढे करून सगळ्यांचे अंगठे घेतले होते, आणि नंतर कळलं की त्यावर ‘आम्ही रविवारी स्वखुशीने काम करतो’ असं लिहिलेलं होतं.

“कागूद नगं,” शेवंताबाई म्हणाली. “त्यो तुमच्या कपाटात जातो. ह्या फळ्यावर लिवा, समद्यांच्या देखत. आन् वाचून दावा.”

तिने स्वतःच्या हाताने घोषणा पुसली. मॅनेजरने खांदे उडवले, खडू घेतला आणि माझ्या रस्त्याच्या बाजूवर लिहिलं, ‘दर रविवारी सफाई कामगारांना सुट्टी. कबूल.’ खाली सही केली. शेवंताबाई जवळ येऊन बघायला लागली.

“ह्यात ऐतवार कुटाय?” तिने विचारलं.

भाऊसोंनी तिला तोवर एकच अक्षर शिकवलं होतं, ऐतवाराचा ऐ. ‘रविवार’ तिला ओळखता येत नव्हता. मॅनेजर वैतागला, पण त्याने ‘रविवारी’ खोडून ‘ऐतवारी’ केलं. शेवंताबाईने त्या ऐवर बोट धरलं आणि हसली. ती तशी हसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. भाऊसो म्हणाले, “सोमवारी वकिलांना बोलवून हे दोन साक्षीदारांसमोर कागदावर उतरवून घेऊ. तोवर याला कुणी हात लावायचा नाही.” मला खोलीत आणलं. कराराला चुकून कुणाचा धक्का लागू नये म्हणून ती बाजू भिंतीकडे केली.

त्या रात्रभर मी तो करार पोटाशी धरल्यासारखा भिंतीला लावून उभा होतो. मला वाटत होतं, आता माझं सोनं झालं.

रविवारी सकाळी साडेनऊला प्रसेनजीत आला. आदल्या दिवशी तो गेटावर नव्हता. विद्यापीठात त्याच्या पीएच.डी.च्या प्रबंधावर चर्चा होती. भाऊसोंना सकाळची पाळी असल्यामुळे ते साडेदहाला येणार होते, आणि तोवर वर्ग प्रसेनजीतने सुरू करायचा होता. माझ्या अभ्यासाच्या बाजूवर मागच्या आठवड्याची आकृती होती, भाऊसोंनी ती ठेवायला सांगितली होती. त्याला मोकळी जागा हवी होती. त्याने मला उलटं केलं.

त्याने ते अनोळखी, गिचमिड अक्षर पाहिलं. खोडाखोड पाहिली. त्याला वाटलं असावं, कुणीतरी घोषणेचा कच्चा मजकूर केला आहे. वाचलं असतं तरी पुरे होतं. पण डोक्यात आजचा विषय घोळत होता. त्याने डस्टर उचललं.

आणि मी काय केलं, सांगू? मी खूश झालो. आता ते सुरेख अक्षर पुन्हा अंगावर येणार म्हणून मी खूश झालो. तीन वेळा डस्टर फिरलं आणि सगळं गेलं. मग त्याने मोठ्या, डौलदार अक्षरात लिहिलं, ‘समाज हा एक करार आहे.’

दहा वाजता जिन्यात बायकांचा आवाज आला. सातही जणी आल्या होत्या. कामावर नव्हे, वर्गाला. मागून घेतलेला त्यांचा हा पहिला रविवार. शेवंताबाईने ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसलं होतं. पाच वर्षं ती या खोलीत वाकून केर काढत होती, आज ती पहिल्यांदा सतरंजीवर बसली. पुढे, मधोमध.

प्रसेनजीत बोलायला लागला. माणसं एकत्र येतात, आपापसांत ठरवतात, त्या ठरावातून राज्य तयार होतं, वगैरे. शेवंताबाई मात्र माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे ओळीवरून फिरत होते. ती आपला ऐ शोधत होती. एकदा फिरले, दोनदा फिरले. मग ती उठली आणि जवळ आली.

“पोरा,” ती म्हणाली, “ह्येच्या डोक्यावरची मातरा कुनी पुसली रं?”

तिचं बोट ‘एक’मधल्या ए वर होतं. तिला वाटलं हाच आपला ऐ, फक्त धक्का लागून वरची रेघ गेली आहे. प्रसेनजीतला काही कळेना. तिने खाली पडलेला खडू उचलला, आणि आयुष्यात पहिल्यांदा काही लिहिलं. त्या ए च्या डोक्यावर एक वाकडीतिकडी मात्रा दिली.

आता माझ्या अंगावर लिहिलेलं होतं, ‘समाज हा ऐक करार आहे.’

“मावशी, चुकलं,” प्रसेनजीत हसत म्हणाला. “ते ‘ऐक’ झालं. एक हवं.”

कुणी ऐकलं नाही. शेवंताबाई समाधानाने जाऊन बसली. मित्रांनो, त्या खोलीत सगळं माहीत असलेला मी एकटाच होतो, आणि मला वाचा नव्हती. साडेदहाला भाऊसो आले. दारातूनच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खांद्यावरची पिशवी खाली पडली.

“हितला करार कुठं गेला?” ते म्हणाले. “प्रसेन, हितलं तू पुसलंस?”

प्रसेनजीतचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला. शेवंताबाई एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. भाऊसोंनी तिला समजावून सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “मला कुनीतरी पुसायचं तरी.”

सोमवारी बायका कामावर गेल्या, तेव्हा मॅनेजरने विचारलं, “कसला करार? दाखवा की.” त्यांच्याकडे दाखवायला काही नव्हतं. गेटावर ज्यांनी पाहिलं होतं, ते रिक्षावाले कधीच पांगले होते. ते रोजचे आजोबाही कुठे राहतात, कुणाला ठाऊक नव्हतं. रविवारी यायचं नसेल तर उद्यापासून येऊ नका, असं सांगण्यात आलं. पाचजणी रडत रडत पुन्हा सात वार कामाला जायला लागल्या. शेवंताबाई आणि बयाबाई गेल्या नाहीत. त्यांचं काम सुटलं.

मग आमच्या खोलीत जे भांडण झालं, त्यापुढे पिराजीच्या दारातलं काहीच नव्हतं. बयाबाई म्हणाली, “पुस्तकवाल्यांनी आमचा ऐतवार खाल्ला.” मोर्चावाले तिच्या बाजूने उभे राहिले. वाचणारे म्हणाले, करार खडूने लिहून घेतात का कुठे, विचार न करता रस्त्यावर उतरलं की असंच होतं. भाऊसो मधे उभे राहून दोन्हीकडे हात जोडत होते. कुणी त्यांचं ऐकलं नाही. महिन्याभरात मंडळ फुटलं. वाचणारे पुस्तकांचं कपाट घेऊन गेले. मोर्चावाले झेंडे आणि कर्णा घेऊन गेले. मला कुणीच नेलं नाही. वाचणारे म्हणाले, तो मोर्चाचा फळा आहे. मोर्चावाले म्हणाले, तो वर्गाचा आहे. मी दोघांचाही होतो, म्हणून कुणाचाच उरलो नाही.

भाऊसो दोन-तीन रविवार एकटेच आले. समोर रिकामी सतरंजी, हातात खडू. काही लिहिलं नाही. मग यायचे थांबले. शेवंताबाई कागलकडे माहेरच्या गावी निघून गेली, असं मी खालच्या बायकांच्या बोलण्यातून ऐकलं. तिथे ती दुसऱ्यांच्या रानात भांगलायला, म्हणजे तण काढायला, जाते म्हणे. रानाला ऐतवार नसतो.

त्यानंतरची आठ वर्षं सांगण्यासारखी नाहीत. गिरणीवाले आण्णा चांगले गृहस्थ, पण त्यांना मी म्हणजे एक रुंद फळी. आधी मी पाण्याच्या टाकीवरचं झाकण झालो. नंतर गच्चीवर आलो. उन्हाळ्यात आण्णांची बायको माझ्यावर पापड वाळत घालायची. राज्य आणि माणूस यांच्यामधले बाण जिथे निघायचे, तिथे उडदाचे पापड. बरं वाटायचं, निदान कुणीतरी हात फिरवतं. पावसाळ्यात मात्र कुणी यायचं नाही. माझी लाकडं फुगली, मधला सांधा उघडा पडला. एवढं बोलणं ऐकलेल्या मला कुणाचा आवाज ऐकायला महिनोन् महिने वाट बघावी लागली.

२००६ साली एक दिवस गच्चीवर एक चष्मेवाला माणूस आला. कानाजवळचे केस पांढरे. आण्णा त्याला म्हणत होते, “पावणं, त्या फळीवर आमच्या घरात पापड वाळवत्यात, तुमाला कशाला ती?” त्या माणसाने माझ्या अंगावरून हात फिरवला, तेव्हा मी ओळखलं. प्रसेनजीत. आता तो कॉलेजात प्राध्यापक होता, राजारामपुरीत त्याचा फ्लॅट होता. चळवळ आणि तत्त्वज्ञान यांचं नातं, हाच त्याचा विषय झाला होता. त्याने मला घरी नेलं, सांधा बसवून घेतला, पुन्हा काळा रंग दिला आणि अभ्यासिकेत पुस्तकांच्या समोर उभं केलं. घरी येणाऱ्या विद्यार्थ्यांना तो माझ्या दोन बाजू दाखवून सांगायचा, विचार आणि कृती या अशा एकमेकांना चिकटलेल्या हव्यात. मुलं वहीत उतरवून घ्यायची. मला कुणी पुसलं होतं, ते मात्र त्याने कधी सांगितलं नाही. आणि त्याने माझ्यावर पुन्हा एक अक्षरही लिहिलं नाही. एवढी पुस्तकं भोवती असून मला गच्चीवरच्यापेक्षा जास्त एकटं वाटायचं.

पण आतून त्याला ते टोचत असावं. एका रविवारी तो स्वतः कागलकडे गेला आणि शेवंताबाईला घेऊन आला. सकाळचे अकरा वाजले होते. ती फार वाकली होती, पण तिने मला लगेच ओळखलं. माझ्या कडेवर हात ठेवून ती खुर्चीत बसली. प्रसेनजीत खाली, तिच्या पायाशी बसला.

“मावशी, चूक माझी होती,” तो म्हणाला. नऊ वर्षं न बोललेलं वाक्य होतं ते. “तुमचा रविवार मी घालवला.”

“जाऊ दे रं,” ती म्हणाली. “तुला तरी काय ठाव.” तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, झालं, मिटलं एकदाचं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला.

“आत कोन हाय?” शेवंताबाईने विचारलं.

“चिमणाबाई. भांड्याला येते.”

“आज?”

शेवंताबाई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली. नळ बंद झाला. दोघी हळू आवाजात काहीतरी बोलल्या. मग शेवंताबाई बाहेर आली, दाराला धरून उभी राहिली.

“प्रसेन,” ती म्हणाली, “माझा ऐतवार तू न पुसता पुसलास. हिला कदी पुसलास काय रं?”

प्रसेनजीतने चष्मा काढला. त्याच्या पाठीमागे भिंतभर पुस्तकं होती, त्यातली दोन त्याने स्वतः लिहिलेली. शेवंताबाईने चहा घेतला नाही. चिमणाबाईच्या सोबत ती जिना उतरून गेली. दोघींच्या चपलांचा आवाज मला बराच वेळ ऐकू येत होता.

पुढच्या रविवारी चिमणाबाई आली नाही, त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. प्राध्यापक महाशय स्वतः भांडी घासतात आणि आठवड्याला एखादा कप फोडतात. चिमणाबाईला तिचा दिवस मिळाला. शेवंताबाईला स्वतःला मिळाला तो एकच, आणि तोही सकाळी दहा ते साडेदहा. मला त्याचं फार वाईट वाटतं, आणि ते कधी जाणार नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शेवटी स्वतःसाठी काहीतरी मागायचं असतं, असा आमच्यात रिवाज आहे. मला रंग नको, खिळे नकोत. कोरा राहिलो म्हणून माझं काही बिघडत नाही. मागणं दुसरंच आहे. तुमच्या घरी, तुमच्या शाळेत, तुमच्या क्लासमध्ये जी बाई झाडायला-पुसायला येते, तिचं नाव तुम्हाला ठाऊक असेल, नसेल. तिचा वार कोणता, ते मात्र तुम्ही विचारलेलं नाही, हे मी पैजेवर सांगतो. मोठे होऊन तुम्ही समतेवर निबंध लिहाल, भाषणं कराल, त्या आधी एवढं करा. आज जर रविवार असेल आणि आत मोरीत भांडी वाजत असतील, तर माझी गोष्ट इथेच खाली ठेवा आणि उठून आत जा.